डोलणाऱ्या इंजिनाची कथा

मोटार रस्त्याच्या कडेला उभी आहे, पण इंजिन चालू आहे, अशा वेळी कोणी बॉनेट उचलून आत डोकावले तर त्यास एक गोष्ट हटकून दिसते. लोखंडी सांगाड्याला नटबोल्टांनी जखडलेले म्हणून जे समजले जाते, ते इंजिन मुळीच स्वस्थ बसलेले नसते. ते हलकेच थरथरत असते. आणि चालकाने ॲक्सिलरेटरवर पाय एकदम दाबला की ते एका कुशीवर कलते व पाय उचलताच पुन्हा मूळ जागी येते. नवख्या माणसास वाटते की, एखादा नट ढिला झाला असावा. वस्तुतः ही ढिलाई नजरचुकीने राहिलेली नसते. ती मोठ्या प्रयासाने साधलेली असते. यंत्राला किती बांधावे आणि किती मोकळे सोडावे, या प्रश्नाशी इंजिनिअर मोटारीच्या जन्मापासून झगडत आले आहेत. इंजिनाचे डोलणे कमी करण्यासाठी हौशी मोटारवाले आज बाजारातून आणून जो लहानसा ‘डँपर’ बसवितात, तो या दीर्घ वादातील एक अलीकडचा युक्तिवाद होय. मागचा वाद ध्यानात घेतल्यावाचून त्याचे मर्म कळत नाही.

इंजिन डोलते याची कारणे दोन. पिस्टन ज्या वेगाने वर जातो, त्याच वेगाने त्याला थांबून खाली यावे लागते. प्रत्येक थांबण्याचा आणि निघण्याचा धक्का इंजिनाच्या अंगाला बसतो. चार सिलिंडर एका ओळीत असले म्हणजे दोन पिस्टन वर जात असता दोन खाली येतात आणि त्यांचे धक्के बव्हंशी परस्परांना मारून टाकतात. परंतु क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा उमटणारा असा एक धक्का तरीही शिल्लक उरतो. दुसरे कारण न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे. इंजिन क्रँकला ज्या दिशेने फिरविते, तिच्या उलट दिशेने त्याचे स्वतःचे धड फिरू पाहते. चार सिलिंडरांच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. म्हणजे मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या मंद गतीतसुद्धा सेकंदाला २५ हिसके बसतात. हा जोर नाहीसा करता येत नाही. तो इंजिनातच मुरवावा, सांगाड्यात सोडावा, नाहीतर बसणाऱ्याच्या पाठीच्या कण्यात उतरू द्यावा. कोठेतरी तो जाणारच. त्याला सोयीची वाट काढून देण्यासाठी माणसाने काय काय केले, तीच ही कथा.

कार्ल बेंझने १८८६ साली ज्या तीनचाकी गाडीचे पेटंट मागितले, तिच्या इंजिनात एकच सिलिंडर होता. गती इतकी थोडी होती की, हादऱ्यांची तक्रार करण्यापेक्षा गाडी चालते याचेच नवल अधिक होते. पुढे इंजिने मोठी झाली, गती वाढली, आणि त्या काळच्या कारखानदारांनी सरळ मार्ग धरला: इंजिनाचे चारी पाय सांगाड्यावर घट्ट आवळावयाचे. पण खराब रस्त्यावर सांगाडा पिळवटू लागला, की त्याच्याबरोबर इंजिनाचे ओतीव पायही पिळवटत आणि तडकत. त्यावर तिवईचा न्याय उपयोगी पडला. चार पायांचे स्टूल खडबडीत जमिनीवर डुगडुगते, तिवई मात्र कोठेही नीट बसते. हेन्री फोर्डच्या १९०८ सालच्या ‘मॉडेल टी’चे इंजिन असेच तीन ठिकाणी टेकविले होते. त्यामुळे इंजिन तडकण्यापासून वाचले. त्याचे हादरे मात्र जसेच्या तसे राहिले.

हादऱ्याच्या मुळावरच घाव घालण्याचा विचार ज्यांनी केला, त्यांत इंग्लंडचा फ्रेडरिक लँचेस्टर हा अग्रगण्य होता. १८६८ साली जन्मलेल्या या विलक्षण बुद्धीच्या इंजिनिअरने आपल्या आरंभीच्या गाड्यांपैकी एकीत परस्परांच्या उलट फिरणारे दोन क्रँक घातले, हेतू हा की, एकाचा धक्का दुसऱ्याने परस्पर शमवावा. इंजिनाच्या दुप्पट गतीने फिरणारे, मुद्दाम एका बाजूला जड ठेवलेले दोन दांडे बसवून चार सिलिंडरांचा तो उरलेला धक्काही मारता येतो, हे त्यानेच दाखविले. सहा सिलिंडरांच्या लांब इंजिनांत क्रँक स्वतःच पिळवटून थरथरतो, असे आढळून आले तेव्हा त्याच्या टोकाशी घर्षणाने ती थरथर जिरविणारे चाक बसविण्याची युक्तीही १९१० च्या सुमारास त्याच्या हातून सिद्ध झाली. येथे ‘डँपर’ ही कल्पना मोटारीच्या इंजिनात शिरली. थरथरीला बळाने अडवावयाचे नाही, तर तिच्यातील शक्ती घर्षणात खर्चून तिची उष्णता करून टाकावयाची, हे तिचे तत्त्व. लँचेस्टर १९४६ साली वारला. तोलाचे ते दोन दांडे जपानच्या मित्सुबिशी कारखान्याने १९७५ साली पुन्हा प्रचारात आणले तेव्हा कोठे त्यांची थोरवी सर्वत्र पटली.

परंतु लँचेस्टरचे उपाय खर्चाचे होते. स्वस्त गाडीला स्वस्त उपाय हवा होता, आणि तो मिळाला रबरातून. चार्ल्स गुडइयरला १८३९ साली गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची कृती सापडली होती खरी, पण रबर लोखंडाला कायमचे चिकटविणे ही निराळी विद्या होती. ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हाती आली. अमेरिकेतील ईरी गावी ह्यू लॉर्ड याने १९२४ साली याच कामाचा कारखाना काढला. इंजिनाच्या पायाखाली ज्या रबरी गाद्या असतात आणि ज्यांना गॅरेजात ‘माउंटिंग’ किंवा ‘फाउंडेशन’ म्हणतात, त्यांचा जन्म या विद्येतून झाला.

या रबराचा खरा पराक्रम मात्र १९३१ साली दिसला, आणि तो घडविला व्यापारातील अडचणीने. अमेरिकेत शेव्हरोलेने १९२९ साली सहा सिलिंडरांची स्वस्त मोटार बाजारात आणली होती. क्रायस्लर कंपनीच्या ‘प्लिमथ’ गाडीला सिलिंडर होते चारच. आणि चार सिलिंडरांच्या गाडीत बसले म्हणजे हादरे चुकत नसत. त्यातच जागतिक मंदी कोसळली. नवे इंजिन काढावयास पैसा नाही आणि जुने इंजिन गिऱ्हाईकास पसंत नाही, असा हा पेच होता. कंपनीच्या इंजिनिअरांनी इंजिनाला हातच लावला नाही. त्यांनी फक्त त्याची बैठक बदलली.

त्यांचा विचार मोठा मार्मिक होता. इंजिन स्वभावतः ज्या अक्षाभोवती डोलू पाहते, तो अक्ष त्याच्या गुरुत्वमध्यातून जातो. तो पुढे उंच असतो आणि मागे गिअरबॉक्सकडे उतरत येतो. जुन्या पद्धतीत पाय असत खाली, आणि डोलण्याचा अक्ष असे वर. यामुळे यंत्राच्या स्वभावाशी बैठकीचे सदैव भांडण. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी दोनच आधार दिले आणि ते नेमके त्या अक्षावर दिले: एक पुढे उंचावर, पाण्याच्या पंपाखाली, आणि एक मागे गिअरबॉक्सपाशी, दोन्ही रबराचे. पाळणा दोन कड्यांना टांगावा तसे इंजिन टांगले गेले. पण पाळणा मोकळा सोडला तर उलटावयाचाही. म्हणून इंजिनाच्या कुशीतून एक पोलादी पाटा काढून त्याचे टोक सांगाड्याला रबरात धरविले. इंजिनाने डोलावे, परंतु मर्यादेपलीकडे जाऊ नये, हे त्या पाट्याचे काम. आज हौशी लोक जो डँपर बसवितात, त्याचा हा पूर्वज म्हणता येईल.

या रचनेला ‘फ्लोटिंग पॉवर’, म्हणजे तरंगती शक्ती, असे नाव मिळाले. असे सांगतात की, वॉल्टर क्रायस्लर स्वतः नवी प्लिमथ घेऊन हेन्री फोर्डला दाखवावयास गेला, ती गाडी त्याने फोर्डला भेट दिली, आणि आपण टॅक्सीने परतला. मंदीच्या त्या दिवसांत प्लिमथ विक्रीत अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर आली. फ्रान्समध्ये आंद्रे सित्रोएनने या रचनेचा परवाना घेतला आणि १९३२ पासून आपल्या गाड्यांवर तरंगत्या हंसाचे चिन्ह झळकविले. महाराष्ट्राचाही क्रायस्लर घराण्याशी धागा जुळला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी त्याच कंपनीशी करार केला, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि १९४७ पासून मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर घराण्याच्या गाड्या जुळविल्या जाऊ लागल्या.

इंजिनाचा प्रश्न आता सुटला, असे वाटत असतानाच तो नव्या रूपाने उभा राहिला. २६ ऑगस्ट १९५९ रोजी इंग्लंडमध्ये ‘मिनी’ ही चिमुकली मोटार प्रसिद्ध झाली. तिचा कर्ता ॲलेक इसिगोनिस याने जागा वाचविण्यासाठी इंजिन आडवे बसविले, गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली घातला, आणि पुढची चाके फिरविली. जुन्या पद्धतीत मागच्या चाकांकडे जाणाऱ्या जोराची शेवटची वाढ मागच्या ॲक्सलमध्ये होई व तिचा उलट धक्काही तेथेच बसे. येथे इंजिन, गिअर आणि शेवटची दातेरी चाके यांचा एकच पिंड झाला. परिणामी चाकांना मिळणाऱ्या सगळ्या जोराचा उलट धक्का याच पिंडाला सोसावा लागला. पहिल्या गिअरमध्ये तो इंजिनाच्या मूळ जोराच्या दसपटीहून अधिक भरतो. क्लच सोडताच इंजिन पुढेमागे झुलणार हे उघडच होते. म्हणून इंजिनाच्या वरच्या बाजूपासून मागच्या पत्र्याच्या भिंतीपर्यंत एक लहान दांडी दिली, व तिच्या दोन्ही टोकांना रबरी बुश घातले. हे बुश झिजले की मिनी गाडी सुटताना हिसके देऊ लागे, गिअरची दांडी हातात नाचे, आणि सायलेन्सरकडे जाणारी नळी जोडापाशी तडके. एका लहानशा रबरी चकतीची झीज नळीच्या तडकण्यातून बोलू लागे! मग मालक जादा दांडी विकत घेऊन बसवू लागले, किंवा रबराऐवजी कठीण बुश घालू लागले. आणि कठीण बुश घातला की इंजिन स्वस्थ होई, पण सगळी गाडी गुणगुणू लागे. वाट बंद केलेला जोर दुसऱ्या वाटेने बाहेर पडला. मिनी २००० सालापर्यंत बनत राहिली आणि ५३ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. आडव्या इंजिनाची हीच मांडणी पुढे जगभरच्या लहान गाड्यांनी उचलली. १९८३ साली भारतात आलेली मारुती ८०० ही त्यांपैकीच एक.

दांडी आणि डँपर यांतील भेद येथे ध्यानी येतो. दांडी इंजिनाला अडविते. हळू हालचालीसही आणि जलद हालचालीसही. डँपर हा चाकांजवळच्या शॉकॲब्सॉर्बरचा धाकटा भाऊ. नळीत तेल, तेलात बारीक छिद्रांचा पिस्टन. दांडा हळू सरकविला तर तेल सहज वाट देते, हिसका मारला तर अडून बसते. रबर हिसका साठवून ठेवते आणि स्प्रिंगप्रमाणे परत करते. डँपर तो परत करीतच नाही, त्याची उष्णता करून टाकतो. डिझेल इंजिनाचा हादरा पेट्रोलच्या इंजिनापेक्षा दणकट असतो, म्हणून मर्सिडीझच्या १९७० नंतरच्या दशकातील डिझेल गाड्यांना कारखान्यातूनच असे डँपर लावलेले येत. पुढे कित्येक गाड्यांच्या रबरी गादीच्या पोटातच द्रव भरण्यात आला, आणि रबर व तेल यांचा संसार एका घरात सुरू झाला.

ज्यांच्या गाडीला असा डँपर नाही, ते तो बाजारातून आणतात. त्यांनाही या इतिहासाचे धडे पाळावे लागतात. पहिला धडा हा की, फाटलेल्या माउंटिंगला डँपर हे औषध नव्हे. गादी आधी तपासावी, बिघडली असेल तर बदलावी, आणि मगच हा पाहुणा घरात घ्यावा. त्याचे एक टोक इंजिनाच्या वरच्या भागी, डोलण्याच्या अक्षापासून होईल तितके दूर धरवावे, आणि दुसरे गाडीच्या जाड, मजबूत भागाला. पातळ पत्र्याला धरविले तर पत्राच फाटेल. इंजिन ज्या रेषेत झुलते, त्याच रेषेत डँपर असावा. काटकोनात बसविलेला डँपर निव्वळ शोभेचा. इंजिन स्वस्थ असता दांडा आपल्या वाटचालीच्या मध्यावर असावा, म्हणजे दोन्ही बाजूंस हालण्यास जागा राहते. हे सारे साधले की गाडी सुटताना हिसका कमी बसतो व गिअर शांतपणे पडतो. मात्र डँपरच्या रूपाने इंजिन आणि सांगाडा यांत एक नवा पूल बांधला जातो, आणि त्यावरून थोडी थरथर आत येतेच. तेवढा कर द्यावयाची तयारी असेल त्यानेच तो बसवावा.

आता विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. त्यांत ना पिस्टन, ना स्फोट. तथापि न्यूटनचा नियम त्यांनाही चुकलेला नाही. चाकाला जोर देणारे यंत्र उलट दिशेने कलू पाहणारच, आणि म्हणून त्यांच्याही मोटरीखाली रबरी गादी घालावीच लागते. घट्ट बांधलेले यंत्र तडकले, अगदी मोकळे सोडलेले यंत्र उलटू लागले. टिकले ते, ज्याला डोलण्यास जागा मिळाली आणि त्या डोलण्याला मर्यादाही मिळाली. बॉनेट उचलून पाहणाऱ्यास जी ढिलाई वाटते, तिच्यामागे बेंझच्या एका सिलिंडरापासून चालत आलेले एवढे शहाणपण साठलेले आहे.