उभयचर जीवाश्मांचे भारतातील संकलन

उभयचर जीवाश्म : (संकलन, भारतातील). पुराजीव महाकल्पाच्या उत्तरार्धात व ट्रायासिक कल्पात नद्या-सरोवरांत राहणाऱ्या, आता निर्वंश झालेल्या मोठ्या उभयचरांचे अवशेष भारतात मुख्यत्वे गोंडवनी संघाच्या खडकांत आढळतात. त्यांपैकी अनेकांच्या दातांच्या आडव्या छेदात चक्रव्यूहासारख्या वळ्या दिसतात; म्हणून त्यांना ‘लॅबिरिंथोडाँट’ हे नाव पडले.

या संकलनाचा आरंभ विदर्भाशी निगडित आहे. नागपूर येथील स्कॉटिश धर्मोपदेशक स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) व रॉबर्ट हंटर यांनी या प्रदेशातील खडकांचे व जीवाश्मांचे निरीक्षण केले. नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या मांगली येथील वालुकाश्मात मिळालेल्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओएन यांनी १८५५ मध्ये ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने प्रसिद्ध केले. त्यानंतर १८६५ मध्ये टॉमस हेन्री हक्स्ली यांनी राणीगंजजवळील पंचेत खडकांतील ‘गोनिओग्लिप्टस’ व ‘पॅकिगोनिया’ यांचे वर्णन केले.

एकट्या कवटीवरून प्राण्याची ओळख पटते. परंतु खडकाचे वय ठरविण्यास ती पुरी पडत नाही. हिस्लॉप यांनी नागपूर परिसरातील वनस्पतियुक्त वालुकाश्म जुरासिक कल्पातील मानले होते. गोंडवनी संघातील थरांचा क्रम पुढे अधिक स्पष्ट झाला. मांगलीचे थर आता सामान्यतः पूर्व ट्रायासिक, म्हणजे सु. २५ कोटी वर्षांपूर्वीचे मानतात. म्हणून जीवाश्म कोणत्या थरातून, कोणत्या स्थितीत व कोणत्या अवशेषांसोबत मिळाला याची जागेवरच केलेली नोंद त्या अस्थीइतकीच मोलाची असते. ही नोंद नसेल, तर नमुना सुरक्षित राहूनही त्याचे निम्मे महत्त्व नाहीसे होते.

पद्धतशीर उत्खननास १९५७ नंतर विशेष चालना मिळाली. त्या वर्षी पी. सी. महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून पॅमेला रॉबिन्सन यांनी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत भूवैज्ञानिक संशोधनास आरंभ करून दिला. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील मालेरी येथील लाल मृत्तिकाश्मांतून मिळालेल्या अवशेषांवरून तपन रॉयचौधुरी यांनी १९६५ मध्ये ‘मेटोपोसॉरस मालेरिएन्सिस’ ही जाती वर्णिली. २०१९ पासून ती ‘पँथासॉरस’ या प्रजातीत घालतात. याच खोऱ्यातील मालेरी शैलसमूहाच्या वरच्या भागातील ‘कॉम्प्सोसेरॉप्स’ व ‘कुट्टीसेफॅलस’ यांची वर्णने १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

ठिसूळ अस्थी उघडी पडताच पातळ रेझिनाने दृढ करतात. नंतर भोवतालच्या मातीसह तिच्यावर प्लॅस्टर व गोणपाट यांचे कवच चढवून ती प्रयोगशाळेत आणतात. तेथे सूक्ष्म हत्यारांनी खडक दूर करतात. उघड्या मृत्तिकाश्मावरील अस्थी पावसाने दरवर्षी उघड्या होतात आणि झिजून नष्टही होतात. त्यामुळे अशा स्थळांची वारंवार पाहणी करणे आवश्यक ठरते.