कृत्रिम मूत्र-परिसंकोची : गुंतागुंत व निष्पत्ती

मूत्रमार्ग बंद ठेवणारा परिसंकोची स्नायू निकामी झाल्याने लघवी गळत असेल, तर त्या स्नायूचे काम करण्यासाठी शरीरात बसवायचे, द्रवाच्या दाबावर चालणारे उपकरण. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ग्रंथी काढल्यानंतर पुरुषांना होणाऱ्या मध्यम ते तीव्र गळतीत ते सर्वाधिक वापरले जाते.

रचना व कार्य : मूत्रमार्गाभोवतीचा पट्टा, पोटात ठेवलेला दाबनियंत्रक फुगा आणि वृषणकोशातील पंप असे तीन भाग नळ्यांनी जोडलेले असतात. एरवी पट्टा द्रवाने भरलेला व मार्ग मिटलेला असतो. पंप काही वेळा दाबला की द्रव फुग्याकडे जाऊन लघवी होते. काही मिनिटांत पट्टा आपोआप पुन्हा भरतो. पुरुषांत बहुधा ६१ ते ७० सेंमी. पाण्याइतका दाब देणारा फुगा निवडतात. जखम भरेपर्यंत, म्हणजे सुमारे ६ आठवडे, उपकरण बंदच ठेवतात. त्या काळात गळती पूर्वीसारखीच चालू राहते. हे आधी सांगितले नसेल, तर शस्त्रक्रिया फसली असे समजून रुग्ण खचतो. पंप हाताळण्याइतकी बोटांची ताकद आणि समज असणे ही निवडीची पहिली अट आहे.

इतिहास : फुगवता येणाऱ्या पट्ट्याची कल्पना फ्रेडरिक फोली यांनी १९४७ मध्ये मांडली. पूर्णपणे शरीरात राहणारे उपकरण ह्यूस्टन येथील एफ. ब्रँटली स्कॉट यांनी, विल्यम ब्रॅडली व जेराल्ड टिम यांच्या सहकार्याने, १९७२ मध्ये प्रथम बसवले. त्यात पट्टा भरायला एक व रिकामा करायला दुसरा असे दोन पंप होते. १९८० च्या दशकात आलेल्या एएमएस ८०० या रूपात एकाच पंपासोबत उपकरण बंद करण्याची कळ आली. १९८७ मध्ये पट्ट्याची पाठ अरुंद केली, त्यामुळे दाब ऊतकांवर अधिक समान पडू लागला. मेयो क्लिनिकच्या १९९८ च्या अहवालात पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण जुन्या पट्ट्यासह ४२ टक्के, तर नव्यासह १७ टक्के आढळले. दोन्ही गटांचा पाठपुरावा सारख्या मुदतीचा नव्हता, हे त्या आकड्यांकडे पाहताना ध्यानात ठेवावे.

गुंतागुंत : सुरुवातीच्या दिवसांत रक्त साकळणे, लघवी अडणे व जंतुसंसर्ग संभवतो. संसर्ग बहुधा स्टॅफिलोकॉकस गटातील जंतूंचा असतो. वृषणकोश लाल होणे, दुखणे आणि पंपावरची त्वचा चिकटून बसणे ही त्याची लक्षणे. संसर्ग झालेले उपकरण सहसा पूर्ण काढावे लागते. रिफॅम्पिन व मिनोसायक्लिन यांचा लेप दिलेली उपकरणे उपलब्ध आहेत; त्यांनी संसर्ग कितपत घटतो याबद्दल मतभेद आहेत.

पट्ट्याच्या सततच्या दाबाने आतील मूत्रमार्ग झिजतो आणि कोरडा झालेल्या रुग्णाची लघवी हळूहळू पुन्हा गळू लागते. अशा वेळी लहान पट्टा, पट्ट्याची नवी जागा किंवा दुसरा जोडपट्टा हे पर्याय असतात. द्रव झिरपून उपकरण बंद पडणे हा निराळा दोष. तेथे भाग बदलून काम भागते.

सर्वांत गंभीर गुंतागुंत म्हणजे पट्टा मूत्रमार्गाची भिंत कापून आत शिरणे. लघवीतून रक्त, जळजळ, सूज किंवा अचानक वाढलेली गळती यांवरून संशय येतो व दुर्बिणीने तपासल्यावर खात्री पटते. उपकरण काढून मूत्रमार्ग भरून येण्यासाठी काही महिने थांबावे लागते, मगच नव्या जागी पुन्हा बसवण्याचा विचार करता येतो. पूर्वी किरणोपचार घेतलेल्यांत हा धोका बहुतेक अहवालांत अधिक दिसतो. पण त्यावर सर्व अहवालांचे एकमत नाही.

पट्टा आत शिरण्याच्या कारणांतले एक पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे. रुग्ण हृदयविकार, अपघात किंवा दुसऱ्याच शस्त्रक्रियेसाठी भरती होतो आणि उपकरणाची माहिती नसलेला कर्मचारी पट्टा रिकामा न करता लघवीची नळी (कॅथेटर) घालतो. पट्टा भरलेला असताना जोर लावला तर मूत्रमार्ग फाटतो. नळी अनेक दिवस राहिली तर पट्ट्याखाली ऊतक मरते. नळी घालणे अटळ असेल तर आधी पट्टा रिकामा करून कळ दाबून उपकरण बंद करावे, बारीक (सुमारे १२ फ्रेंच मापाची) नळी वापरावी व ती लवकरात लवकर काढावी. उपकरण असल्याचे ओळखपत्र रुग्णाने सदैव जवळ ठेवावे आणि घरातल्यांनाही ते माहीत असावे.

निष्पत्ती : यशाचा आकडा व्याख्येवर फार अवलंबून असतो. २०१३ च्या एका पद्धतशीर आढाव्यात ‘पॅडच लागत नाही’ असे रुग्ण वेगवेगळ्या मालिकांत ४ ते ८६ टक्के होते; ‘दिवसाला एकाहून अधिक पॅड नाही’ हा निकष लावल्यावर तेच प्रमाण ६१ ते १०० टक्के झाले. त्याच आढाव्यात संसर्ग किंवा पट्टा शिरणे ८.५ टक्के, मूत्रमार्ग झिजणे ७.९ टक्के, यांत्रिक बिघाड ६.२ टक्के आणि एकूण पुनर्शस्त्रक्रिया २६ टक्के नोंदली गेली. मेयो क्लिनिकच्या १,०८२ पहिल्या रोपणांच्या मालिकेत (१९८३–२०११) पुन्हा शस्त्रक्रिया न लागता टिकलेली उपकरणे १ वर्षानंतर ९०, ५ वर्षांनी ७४, १० वर्षांनी ५७ आणि १५ वर्षांनी ४१ टक्के होती. साठीतल्या रुग्णाला पुढे आणखी एका शस्त्रक्रियेची शक्यता पहिल्याच भेटीत सांगायला हवी, ती याचमुळे.

ब्रिटनमधील ‘मास्टर’ चाचणीत (२०२१) परिसंकोचीची पुरुषांसाठीच्या स्लिंगशी (मूत्रमार्गाला आधार देणाऱ्या पट्टीशी) तुलना झाली. थोडीही गळती धरली, तर एका वर्षानंतर स्लिंग गटात ८७ व परिसंकोची गटात ८४ टक्के पुरुषांना ती होतीच, तरी दोन्ही गटांत त्रास बराच घटला आणि दुय्यम निकषांत परिसंकोची सरस ठरला. पूर्ण कोरडेपण न मिळताही बहुतेक रुग्ण समाधानी असतात. लग्नकार्याला, प्रवासाला, देवळात निर्धास्त जाता येणे पॅडच्या मोजणीत उतरत नाही.

स्त्रिया : पट्टा मूत्राशयाच्या मानेभोवती बसवतात. फ्रान्समध्ये हा वापर इतर देशांपेक्षा अधिक आहे.

मज्जासंस्थेचे विकार व मुले : अशा रुग्णांचे मूत्राशय ताठर असेल तर मार्ग बंद झाल्याने आतला दाब वाढून मूत्रपिंडांना इजा पोचते. म्हणून आधी दाबतपासणी आणि नंतर मूत्रपिंडांवर आयुष्यभर लक्ष आवश्यक असते.

इतर उपकरणे : फुगा पोटात न ठेवता चालणारे झेडएसआय ३७५ युरोपात वापरात आहे.