‘निर्वासित’ शब्दाचं कूळ

हिंदीत ‘शरणार्थी’ म्हणतात, आपण ‘निर्वासित’ म्हणतो. माणूस तोच, पण शब्दांची तोंडं दोन दिशांना आहेत. शरणार्थी म्हणजे आसरा मागणारा. त्यात आपल्या दाराशी उभा राहिलेला माणूस दिसतो, त्याचं मागे राहिलेलं घर दिसत नाही. इंग्रजीतला ‘रेफ्युजी’सुद्धा आसऱ्याकडेच पाहतो. चौदाव्या लुईने 1685 मध्ये धर्मस्वातंत्र्याचा हुकूम रद्द केल्यावर फ्रान्समधून पळालेल्या ह्युगनो प्रॉटेस्टंटांबरोबर तो इंग्लंडात पोचला.

‘निर्वासित’ मात्र मागे वळून पाहतो. ‘वस्’ म्हणजे राहणे. त्याचं प्रयोजक रूप करून आधी ‘निर्’ लावला, की राहत्या जागेतून घालवून देणे. निर्वासित म्हणजे घालवून दिलेला. घालवणारा कोण हे शब्द सांगत नाही, पण कुणीतरी घालवलं हे विसरूही देत नाही. मला हा शब्द म्हणूनच जास्त खरा वाटतो.

फाळणीनंतर तो आपल्याकडे वस्त्यांना चिकटला. कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावण्यांत सिंधी कुटुंबं येऊन राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे उल्हासनगर झालं, तरी पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतात. सिंध 1936 पर्यंत मुंबई प्रांतातच होता. म्हणजे फाळणीच्या अकरा वर्षं आधीपर्यंत ही माणसं आपल्याच प्रांतातली होती. त्यांच्या इथे जन्मलेल्या नातवंडांनाही कुणी निर्वासित म्हणतं, तेव्हा वाईट वाटतं. त्यांना कुणी कुठून घालवलं?

कोल्हापूरजवळ वळिवडे गावी तर या शब्दाच्या दोन पिढ्या एकाच छपराखाली राहून गेल्या. सोव्हिएत सत्तेने 1940 मध्ये पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे हाकललेली माणसं इराणमार्गे 1943 मध्ये इथे आली. सुमारे 5,000 जण, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांनी इथे चर्च उभारलं, शाळा चालवल्या. युद्ध संपलं, पण अनेकांचं गाव आता सोव्हिएत हद्दीत गेलं होतं, परतायचं कुठे? 1948 पर्यंत ते जगभर पांगले. रिकाम्या बराकींत मग सिंधी कुटुंबं आली. आज तिथे गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ आहे.