बाळंतिणीच्या मेंदूतली गुठळी

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मेंदूतल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा पुष्कळ वाढतो. प्रसूतीत फार रक्त वाहून जाऊ नये, म्हणून गरोदरपणातच रक्त लवकर गोठू लागते. कधी तेच जिवावर बेतते. कवटीच्या मध्यरेषेखालून एक मोठी शीर कपाळाकडून मागे जाते. ती तुंबली की मेंदूतले रक्त मानेकडे उतरत नाही, मागे दाब साठतो, लहान शिरा फुटतात. डोके असह्य दुखते, उलट्या होतात, झटके येतात, एक हात-पाय लुळा पडतो.

जुन्या काळी अशी लक्षणे दिसली की बाधेचा संशय यायचा. बाळंतपणात मेलेली बाई अलवंतीण किंवा हडळ होऊन दुसऱ्या बाळंतिणीला धरते, ही समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजली होती. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन अशा लोकसमजुती आस्थेने गोळा करत असे. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याने जमवलेली गुजरात आणि कोकणातली टिपणे पुढे आर. ई. एन्थोवेन याने 1914 आणि 1915 मध्ये प्रसिद्ध केली. झटके येऊन दगावलेल्या प्रत्येक बाळंतिणीला गुठळीच झाली होती, असे मात्र नव्हे; धनुर्वात आणि गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब यांनीही अनेकींचा बळी घेतला. शवविच्छेदनाविना त्यांतला फरक कळणे अनेकदा अवघड होते.

बाळंतिणीची खोली बंदिस्त असे. बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, कान बांधलेले, उशाशी लोखंडी विळा किंवा सुरी. खायला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. या विश्रांतीने आणि पोषणाने बायकांना आधार दिला, हे नाकारता येत नाही. पण बऱ्याच घरांत पाणी मोजूनमापून मिळे, आणि शेकाने घाम तर भरपूर जाई. शरीरातले पाणी कमी झाले की रक्त दाट होते. भारतातल्या डॉक्टरांनी या चालीकडे बोट दाखवले ते याचमुळे. रक्तक्षय आणि जंतुसंसर्ग हीही कारणे त्यांनी नोंदवली.

प्रसूतीनंतर झटके येऊन मेलेल्या तरुणीच्या शिरांतली गुठळी स्कॉटलंडच्या जॉन ॲबरक्रॉम्बी याने 1828 मध्येच वर्णिली होती. भारतात मदुराईच्या डॉ. के. श्रीनिवासन यांनी 1983 मध्ये गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मेंदूत गुठळ्या झालेल्या 135 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तरीही रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन द्यायला डॉक्टर कचरत, कारण शिरा फुटून मेंदूत आधीच रक्तस्राव झालेला असे. जर्मनीत 1991 मध्ये 20 रुग्णांवर झालेल्या चाचणीने ही भीती बरीचशी दूर केली: हेपॅरिन घेतलेल्या 10 जणांपैकी कोणी दगावले नाही, न घेतलेल्या 10 पैकी 3 दगावले.

आता एमआरआयवर शिरांचे चित्र काढून निदान होते आणि वेळेत उपचार झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. धार्मिक कार्यासाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या काही हार्मोनच्या गोळ्यांनीही असा विकार झाल्याच्या नोंदी आहेत. त्या डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत. बाळंतिणीला तहान लागेल तेवढे पाणी द्यावे, आणि तिचे डोके सतत दुखत राहिले किंवा झटका आला तर अंगारा-धुपारा न करता तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.