चुकीच्या जागी ठेवलेला टायमर

लिनक्स कर्नलमधले एखादे फंक्शन स्वतःच्या स्टॅकवर टायमर ठेवते आणि काम संपवून परतते. ती जागा लगेच दुसऱ्याच्या ताब्यात जाते. टायमर मात्र कर्नलच्या टायमर-यादीत तसाच राहिला, तर वेळ भरल्यावर कर्नल त्या जागेला अजूनही टायमरच समजतो. चूक एकीकडे, कोसळणे भलतीकडे. कर्नल विकासक थॉमस ग्लाइक्सनर यांचे डीबगऑब्जेक्ट्स हे साधन २००८ साली २.६.२६ आवृत्तीत आले, ते असल्या चुका उगमापाशीच पकडायला. वस्तूचा पत्ता चालू स्टॅकच्या हद्दीत पडतो का आणि ती स्टॅकवर असल्याचे कोडने आधी सांगितले आहे का, हे ते ताडून पाहते. मेळ बसला नाही की इशारा देते.

असे साधन कर्नलमध्ये आणणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तपासताना तो किती चुका पकडतो यापेक्षा त्याची किंमत कोण मोजतो, हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या साधनांचेच पाहा. २००९ मधले केमेमचेक एकाच प्रोसेसरवर चाले आणि फार मंद होते, ४.१५ मध्ये ते काढले गेले. २०१५ चे केसॅन दर आठ बाइटमागे एक बाइट राखून ठेवते, तरी टिकले, कारण चाचणीच्या यंत्रांना तो भार पेलवतो. २०२१ चे केफेन्स मोजक्याच वाटपांवर नजर ठेवते, म्हणून प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवरही चालते. असल्या बहुतेक चुका मुळातच टाळणारी रस्ट भाषा आल्यावर हे सारे कशाला, असे कोणी विचारेल. रस्टला २०२२ मध्ये ६.१ आवृत्तीत प्रवेश मिळाला खरा, पण सी भाषेतल्या कोट्यवधी ओळी आजही जागच्या जागी आहेत.