‘ओपन सोर्स’: एका नावाचा आणि वृत्तपत्रीय प्रसिद्धीचा इतिहास

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंटरनेटचा जो विलक्षण प्रसार झाला, त्याच्या मुळाशी असलेले पुष्कळसे सॉफ्टवेअर बाजारात विकले जात नव्हते. संकेतस्थळांची नावे ओळखून त्यांचे ठिकाण सांगणारे ‘बाइंड’, ई-मेल इच्छित स्थळी पोहोचविणारे ‘सेंडमेल’, जगातील सुमारे निम्मी संकेतस्थळे चालविणारे ‘अपाचे’ ही सर्व आपल्या सोर्स कोडासह, म्हणजे रचनाकाराने लिहिलेल्या मूळ आज्ञांसह, कोणासही उपलब्ध होती. तथापि वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर त्यांचा उल्लेख क्वचितच आढळे. वृत्तपत्रांच्या दृष्टीस कंपनी पडे, तिचा अध्यक्ष पडे, तिच्या समभागांचा भाव पडे. ज्या वस्तूच्या पाठीशी यांपैकी काहीच नाही, तिची वार्ता कोणाच्या नावे द्यावयाची? ही अडचण १९९८ साली काही मंडळींनी हेतुपुरस्सर दूर केली. ती त्यांनी कशी दूर केली आणि त्यासाठी कोणते मोल द्यावे लागले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

या चळवळीचा वैचारिक पाया रिचर्ड स्टॉलमन यांनी घातला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली व १९८५ मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही संस्था स्थापिली. सॉफ्टवेअर वापरणे, अभ्यासणे, बदलणे व इतरांस देणे हा वापरणाऱ्याचा नैतिक अधिकार होय, अशी त्यांची भूमिका होती. परंतु इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने घात केला. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे शब्द भिन्न आहेत. इंग्रजीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात वसतात. परिणामी स्वातंत्र्याची गोष्ट सांगावयास गेलेल्या प्रवक्त्यास प्रथम किंमतीचा खुलासा करावा लागे. आणि जे फुकट ते हलक्या प्रतीचे, हा व्यापारी मनाचा ग्रह तर सर्वत्रच आढळतो.

२२ जानेवारी १९९८ रोजी नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याचा निर्णय जाहीर केला आणि अनुकूल संधी चालून आली. फेब्रुवारीच्या प्रारंभी कॅलिफोर्नियात या निर्णयाचा लाभ कसा घ्यावा याची चर्चा झाली. ‘ओपन सोर्स’ हे नाव याच सुमारास क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचविले. नवख्या माणसास आणि व्यापाऱ्यास न अडखळता कळेल असा शब्द हवा, एवढाच त्यांचा हेतू होता. त्याच महिन्यात एरिक रेमंड व ब्रूस पेरेन्स यांनी ‘ओपन सोर्स इनिशिएटिव्ह’ ही संस्था उभी केली.

रेमंड यांनी १९९९ मध्ये आपल्या प्रचारनीतीचे जे विवेचन प्रसिद्ध केले, ते या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सामान्य अभियंत्यांची मने वळवीत खालून वर जाण्याचा मार्ग आजवर निष्फळ ठरला आहे. तेव्हा मोठ्या उद्योगांच्या प्रमुखांनाच गाठावे, आणि त्यासाठी ते प्रमुख जी वृत्तपत्रे वाचतात ती वश करावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. वृत्तपत्र येथे केवळ वार्तेचे वाहन नव्हते. ते प्रतिष्ठेचे प्रवेशद्वार होते.

७ एप्रिल १९९८ रोजी प्रकाशक टिम ओ’रायली यांनी पालो आल्टो येथे भरविलेल्या बैठकीत ही नीती प्रत्यक्षात उतरली. लिनक्सचे लिनस टोरवाल्ड्स, ‘पर्ल’चे लॅरी वॉल, सेंडमेलचे एरिक ऑलमन, बाइंडचे पॉल व्हिक्सी, अपाचेचे ब्रायन बेहलेनडॉर्फ आदी रचनाकार तेथे जमले, नावाविषयी मत घेण्यात आले व ‘ओपन सोर्स’ निवडले गेले. शेवटी पत्रकार परिषद झाली. एरवी विखुरलेली ही माणसे एका ओळीत दिसताच, ज्या इंटरनेटविषयी आपण नित्य लिहितो ते यांच्या कामावर चालते, हे बातमीदारांच्या ध्यानात आले. ऑगस्टमध्ये ‘फोर्ब्स’ने टोरवाल्ड्स यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. वर्षअखेरीस मायक्रोसॉफ्टचे एक अंतर्गत टिपण बाहेर फुटले. लिनक्स हा आपला गंभीर प्रतिस्पर्धी आहे अशी त्यात कबुली होती. प्रतिपक्षाच्या या साक्षीने जी प्रसिद्धी दिली, ती स्वतःच्या प्रशस्तीने कधीच मिळाली नसती.

मात्र या यशाची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. एप्रिलच्या त्या बैठकीस स्टॉलमन यांना निमंत्रण नव्हते. नव्या नावाने उपयुक्ततेचा पक्ष मांडला, पण स्वातंत्र्याचा प्रश्न मागे टाकला, हा त्यांचा आक्षेप होता. आणि तो एकाकी नव्हता. खुद्द पेरेन्स यांनी फेब्रुवारी १९९९ मध्ये, पुन्हा ‘फ्री सॉफ्टवेअर’विषयी बोलण्याची वेळ आली आहे असे जाहीरपणे लिहिले. त्याच वर्षी हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्याचा प्रयत्नही फसला, कारण ते अतिवर्णनात्मक ठरले. सर्वांस सहज कळावे म्हणून घडविलेला शब्द, त्याच सुगमतेमुळे कोणाच्याही ताब्यात राहिला नाही.

पुढे या प्रचाराचे रूप पालटले. १६ डिसेंबर २००४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये फायरफॉक्स या ब्राउझरची दोन पानी जाहिरात झळकली. तिचा खर्च वर्गणीतून उभा राहिला होता आणि सुमारे १०,००० वर्गणीदारांची नावे बारीक अक्षरांत तीत छापली होती. १९९८ मध्ये संपादकाचे मन वळवून जागा मिळविली गेली. २००४ मध्ये वापरणाऱ्यांनी ती विकत घेतली. पहिल्या प्रयत्नात वृत्तपत्रांना एक नायक लागला, दुसऱ्यात समूह स्वतःच पानावर आला.

एकंदरीत पाहता, ‘ओपन सोर्स’ या नावाने वृत्तपत्रांची दारे उघडली, हे निर्विवाद होय. परंतु वस्तू कशी घडते एवढेच त्या नावाने सांगितले. ती तशी का घडावी, हे सांगण्याचे काम शिल्लक राहिले. मराठीत रूढ झालेला ‘मुक्तस्रोत’ हा शब्द याबाबतीत काहीसा भाग्यवान म्हटला पाहिजे: इंग्रजीने प्रसिद्धीसाठी गाळलेला मुक्ततेचा अर्थ त्याने आपल्या पहिल्याच पदात जपून ठेवला आहे.