पंडिता रमाबाई आणि मनोरमेचे धर्मशिक्षण

लेकराला धर्म कोणी शिकवायचा, घरच्यांनी की उपाध्यायांनी? आपल्याकडे हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आजी सांजवात लावते, आई परवचा म्हणवून घेते, आणि मूल आपोआप ते उचलते. पण ज्या घराने धर्मच नवा स्वीकारला, त्या घरात ही आजी आणायची कुठून? गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात महाराष्ट्रातली जी शिकलेली माणसे ख्रिस्ती झाली, त्यांच्यापुढे हा पेच उभा राहिला. त्याची सर्वांत बोलकी हकीगत पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात सापडते. हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. इंग्रजीत आहे, पण जिज्ञासू वाचकाने तो अवश्य चाळावा.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकविले, आणि त्या लक्ष्मीबाईंनी मुलीला. दिवसभर घरचा राबता, म्हणून पाठाची वेळ पहाटेची. आई लाडाने उठवी, जवळ घेई आणि म्हणून दाखवी. मुलगी मागून म्हणे. हातात पोथी नसे. असे करीत हजारो श्लोक मुखोद्गत झाले. ही पहाट रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. १८८७ साली प्रसिद्ध झालेले आपले इंग्रजी पुस्तक त्यांनी आईच्याच स्मृतीला अर्पण केले, आणि तेही ख्रिस्ती झाल्यावर, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मनोरमा १८८१ साली जन्मली. दुसऱ्याच वर्षी तिचे वडील बिपिनबिहारी दास पटकीने वारले. १८८३ साली रमाबाई लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी मठात उतरल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मनोरमा तेव्हा अवघी अडीच वर्षांची. मठातील सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रातून चक्क 'आजीबाई' म्हणत. म्हणजे नव्या घरातली ती आजी मिळालीच म्हणायची! पण खरा झगडा झाला तो याच आजीशी.

जेराल्डिनबाईंचे म्हणणे सरळ होते. मुलीचा बाप्तिस्मा झाला आहे. तेव्हा इंग्लंडच्या चर्चची सारी तत्त्वे तिला बालपणापासून शिकवली पाहिजेत, आणि आई शिकायला, हिंडायला जात असेल तर मूल मठाने सांभाळावे. यात दुष्टावा नव्हता हं. पोरीवर त्यांची माया होती. पण रमाबाई अडून बसल्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याचे कोडे त्यांना स्वतःलाच उलगडले नव्हते. जे आईला अजून पटलेले नाही ते लेकराकडून पोपटासारखे म्हणवून घ्यायचे, हे त्यांना रुचेना. मूल मोठे होईल, विचार करील, मग ठरवील, असा त्यांचा पवित्रा. दुसरी गोष्ट त्याहून जिव्हाळ्याची. मनोरमा इंग्रज मुलगी होऊन परत यायला नको होती. आपल्या देशातल्या बायकांत ती परकी, वरचढ म्हणून वावरू नये, त्यांच्यातलीच एक म्हणून राहावी, हे त्यांनी निक्षून कळविले. पुढे रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा मनोरमा काही काळ वाँटेजलाच होती, आणि दोघींच्या पत्रांतून हा वाद धुमसत राहिला. माझ्या मते इथे रमाबाईंची बाजू बळकट होती. आणि गंमत अशी, की तिला आधार खुद्द बायबलातच आहे.

पवित्र शास्त्रात 'नीतिसूत्रे' नावाचा ग्रंथ आहे. त्यातला बराचसा भाग बापाने मुलाला केलेल्या उपदेशाच्या थाटाचा. पण तो बाप मुलाला आईच्या शिकवणुकीचीही आठवण देतो. शेवटच्या अध्यायात तर लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेले शब्द आहेत. नव्या करारात पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो तेव्हा त्याच्या श्रद्धेचा उगम आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात दाखवितो. थोडक्यात काय, तिथेही मुलाची पहिली शाळा म्हणजे घर.

१८८९ साली रमाबाई परतल्या आणि ११ मार्च रोजी मुंबईत 'शारदासदन' सुरू झाले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे, असे वचन होते. पण १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या मनाचे समाधान झाले. आपल्याला केवळ ख्रिस्ती धर्म नव्हे, ख्रिस्त सापडला, असे त्यांना वाटू लागले. त्या आपल्या खोलीत मनोरमेला जवळ घेऊन शास्त्र वाचीत, प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. वसतिगृहातल्या काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. आलेल्यांना बाहेर घालवायला रमाबाई तयार नव्हत्या. झाले! पुण्यात काहूर माजले, 'केसरी'ने टीका केली, आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे मात्र रानडे-भांडारकरांची अडचणही समजून घेतली पाहिजे. त्यांनी लोकांना शब्द दिला होता. विधवा मुलींना शिकायला पाठविण्यासाठी त्यांनी कर्मठ घरांची मनधरणी केली होती, आणि तो विश्वास उडाला की स्त्रीशिक्षणच मागे जाणार, हे त्यांना दिसत होते. आपल्या लेकीबरोबर प्रार्थना करण्याचा आईचा हक्क कोणी नाकारीत नव्हते. पण दुसऱ्यांच्या लेकी उंबरठ्यावर येऊन बसल्या तर त्या हक्काची मर्यादा कुठे? जेराल्डिनबाईंना रमाबाई जे सांगत होत्या, म्हणजे आईबापांच्या संमतीवाचून मुलाला धर्म देऊ नका, तेच आता पुणेकर पालक रमाबाईंना सांगत होते. रमाबाईंना हा विरोध जाणवला असेल का? त्यांची वागणूक पाहता, त्या या मुलींना कोणाच्या ताब्यातल्या मुली न मानता स्वतःचे मन असलेल्या मानीत, असे दिसते. बालविधवेला घराने वाऱ्यावर सोडायचे आणि तिच्या श्रद्धेवर मात्र हक्क सांगायचा, हे त्यांना मान्य होणे कठीणच होते.

मनोरमा मोठी झाली ती आईला हवी तशी, लोकांतली. अमेरिकेत शिकून आली, पुढे मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली, शारदासदनच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली होत्या. त्यांतल्या आंधळ्या मुलींना तिने बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकविली. जुलै १९२१ मध्ये, चाळिशीतच, ती आईच्या आधी गेली.

रमाबाई त्या वेळी बायबलाचे मराठी भाषांतर करीत होत्या. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक त्या उतारवयात शिकल्या. प्रचलित भाषांतर फार संस्कृतप्रचुर, ते खेड्यातल्या बाईला नि पोराला समजत नाही, ही त्यांची तक्रार. हजारो संस्कृत श्लोक पाठ असलेल्या बाईने ही तक्रार करावी! ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तेव्हा हे काम पुरे झाले होते. १९२४ साली केडगावच्याच छापखान्यात ते बायबल छापून झाले. त्याचे खिळे जुळविले ते तिथल्याच मुलींनी आणि बायकांनी.